नाव कुणाचं घातलंय?

पुनर्विकासाचं वारं आमच्या इमारतीत शिरल्यापासून सोसायटीच्या ऑफिसात माणसांची ये-जा वाढली आहे. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. मीटरच्या पेट्या, गणपतीचं घडी घातलेलं मखर, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक लोखंडी कपाट त्यात दाटीवाटीने नांदतात. सिडकोने, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीने, बांधलेल्या वाशीतल्या जुन्या इमारतींना एक ओलसर, पोपडे सुटलेल्या चुन्याचा वास असतो, तो या खोलीत सगळ्यात जास्त. मी कमिटीवर आहे ती दुपारी घरी असते म्हणून, दुसरं काही कर्तृत्व नाही. तर अशाच एका पावसाळी दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकांची मुलगी आली. काका जाऊन वर्ष होत आलं होतं. ती लग्नानंतर पुण्याला असते. छत्री दाराशी टेकवून तिने विचारलं, “बाबांचा नॉमिनेशनचा फॉर्म बघायला मिळेल का?” आमचे खजिनदार या बाबतीत फार तत्पर आहेत. त्यांनी फाइल काढून तिच्यापुढे ठेवली. तिने तो कागद बराच वेळ पाहिला. नॉमिनीच्या रकान्यात धाकट्या भावाचं नाव होतं, पुढे शंभर टक्के, खाली दोन साक्षीदारांच्या सह्या. “अक्षर बाबांचंच आहे,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “माझं नाव का नाही घातलं हो त्यांनी?”

खजिनदार लगेच सरसावले. ताई, नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो नुसता सांभाळणारा, खरे मालक म्हणजे कायदेशीर वारस, तुमचा हिस्सा कुठेही जात नाही, आईंचाही आहे, तुमचाही आहे. ते हे सगळं महिन्यातून कितीतरी वेळा सांगत असतील, इतकं घोटलेलं होतं ते. तिने मान हलवत शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“ते माहितीये काका. मी बँकेतच होते. हेच लोकांना सांगायचे.”

पुढे कुणालाच काही सुचेना. ती गेल्यावर खजिनदार म्हणाले, “सगळं माहितीये तर मग विचारलं कशाला?” मला त्या क्षणी त्यांचा राग आला, पण प्रश्न त्यांचा बरोबर होता आणि तो माझ्यामागे लागला.

खजिनदार ‘हेअर’ म्हणतात. लीगल हेअर. इंग्रजीत त्यातला एच मुका आहे, उच्चार ‘एअर’ असा व्हायला हवा, पण आमच्याकडे बेलापूरच्या कोर्टाबाहेर टायपिंगवाल्यापासून वकिलापर्यंत सगळे हेअरच म्हणतात आणि टक्कल पडलेल्या माणसाने ‘आम्ही तीन लीगल हेअर’ म्हटलं तरी कुणी हसत नाही. हेअर आणि नॉमिनी हे दोन शब्द आपल्याकडे जुळ्या भावंडांसारखे वाढले. एकाला हाक मारली की दुसरा ओ देतो. नॉमिनी म्हणजे ज्याचं नाव सुचवलं तो. लॅटिनमध्ये नोमेन म्हणजे नाव, तिथून तो आला. त्याच्या पोटात नावाखेरीज काही नाही. हेअर म्हणजे ज्याच्याकडे मेलेल्या माणसाचं येतं तो. त्याचं नाव कुणी लिहो न लिहो. नॉमिनी करावा लागतो, वारस असावा लागतो. आणि मराठीने तर घोळ आणखी पक्का केला. नॉमिनीला सरकारी कागदावर ‘नामनिर्देशित व्यक्ती’ म्हणतात, हे शब्द मी कुणाच्या तोंडून कधी ऐकलेले नाहीत. आपण म्हणतो, “खात्याला वारस लावलाय का?” पतपेढीतला माणूसही हेच विचारतो, “वारस कोण टाकू?” जणू वारस ही टाकायची किंवा लावायची गोष्ट आहे. एवढा एक प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारला गेल्यावर त्या रकान्यात ज्याचं नाव नाही तो वारस नाही असं घरात सगळ्यांना वाटलं, तर दोष कुणाचा?

१९८३ साली सर्वोच्च न्यायालयासमोर एक प्रकरण आलं होतं. दहा-दहा हजारांच्या दोन विमा पॉलिसी. माणूस मृत्युपत्र न करता गेला. मागे बायको, लहान मुलगा आणि आई. नॉमिनी म्हणून बायकोचं नाव. आई आणि नातू म्हणाले, आमचा एकेक तृतीयांश आम्हाला द्या. बायको म्हणाली, नाव माझं आहे, पैसे माझे. मी वकील नाही, पण त्या निकालातली एक प्रतिमा डोक्यात बसून राहिली आहे. न्यायालयाने म्हटलं की नॉमिनेशनने फक्त पैसे स्वीकारायला अधिकृत असलेला हात दाखवला जातो. हात! विमा कंपनीने त्या हातावर रक्कम ठेवली की कंपनी मोकळी. पुढे त्या हाताने कुणाकुणाच्या हातावर किती ठेवायचं ते वारसा कायदा ठरवणार. आई आणि नातवाचं म्हणणं मान्य झालं. मला त्या निकालातल्या तिघांचंही वाईट वाटतं, खरं सांगायचं तर बायकोचं सगळ्यात जास्त. नवऱ्याने हयातीत आपलं नाव लिहिलं, त्याचा अर्थ तिने काय घेतला असेल? आणि तो अर्थ चुकीचा होता हे तिला सासू-मुलाविरुद्ध देशाच्या सर्वोच्च न्यायालयात ऐकावं लागलं.

बरं, एकदा निकाल लागला म्हणून शब्द सरळ वागला असता तर तो कायद्यातला शब्द कसला. २०१५ साली विमा कायद्यात दुरुस्ती झाली. नॉमिनी जर आई-वडील, नवरा-बायको किंवा मुलं असतील तर त्यांना त्या रकमेचे लाभार्थीच मानायचं अशी तरतूद आली. तिचा अर्थ किती ताणायचा यावर वकील अजून भांडतात. शेअर्सच्या बाबतीत मुंबई उच्च न्यायालयाच्या एका निकालाने २०१० मध्ये सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालकच. मग त्याच न्यायालयाच्या मोठ्या पीठाने २०१६ मध्ये ते पुसलं आणि डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्का मारला: शेअर्सचा नॉमिनीही मालक नव्हे. बँकेत पूर्वी एका खात्याला एकच नाव चालायचं. नोव्हेंबर २०२५ पासून चार जणांपर्यंत चालतात. सोसायटीत तर आधीपासूनच अनेक नावं आणि पुढे टक्के लिहायची सोय आहे. म्हणजे वाशी स्टेशनपासून आमच्या सेक्टरपर्यंत चालत येताना विम्याचं ऑफिस, बँक, डीमॅटवाला आणि शेवटी जिन्याखालची आमची खोली लागते, आणि प्रत्येक दारात नॉमिनी या शब्दाचा अर्थ थोडा थोडा बदलत जातो. सामान्य माणसाने तो कुठल्या दारातला धरावा? तो आपल्या मनातलाच धरतो.

मनातला अर्थ सोपा आहे. तुमचं सगळ्यात जवळचं कोण?

रकाना विचारतो, तुमच्यामागे आम्ही कुणाशी बोलायचं. माणसं ऐकतात, तुमचा जीव कुणावर आहे. माझ्या वडिलांच्या कपाटात एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा होता, त्यात पॉलिसी, पोस्टाची सर्टिफिकेटं, डांबराच्या गोळ्यांचा वास. लहानपणी आम्हाला तो डबा उघडायची बंदी होती म्हणून तो उघडायची फार हौस. सगळीकडे आईचं नाव. आईला इंग्रजी वाचता येत नसे, पण ते नाव तेवढं ती ओळखायची आणि बोट ठेवून दाखवायची. त्या घरात कुणी कुणाला प्रेमाबिमाचं काही बोलत नसे. माझे वडील वाढदिवसाला आईसाठी साधी गजऱ्याची पुडीही आणायचे नाहीत. पण दर नव्या पॉलिसीवर पुन्हा तिचं नाव लिहायचे, वळणदार, शाईच्या पेनाने, खाली नातं: पत्नी. माझ्या आईने आयुष्यात मिळालेली प्रेमपत्रं ती एवढीच. आता तिला जाऊन कुणी सांगावं का, की बाई गं, तू त्यात फक्त हात होतीस?

नवी मुंबईची गंमत अशी की इथे हे दोन शब्द दोन वेगळ्या वस्त्यांत राहतात. मधे फार तर एक रस्ता. आमच्या सेक्टरपासून चालत गेलं की जुहूगाव लागतं. उंच इमारतींच्या मधे दाटीने उभी घरं, मासळीचा वास, देऊळ, लग्नाचे फलक. सेक्टरात सगळे बाहेरून आलेले, पगारदार, सिडकोकडून साठ वर्षांच्या भाडेपट्ट्यावरच्या जमिनीवर घर घेतलेले. इथे सगळे फॉर्म भरतात, इथे नॉमिनी हा शब्द चालतो. गावठाणात वारस चालतो. १९७० साली सिडको आली आणि ठाणे-रायगडातल्या ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के भूखंड परत मिळण्याची योजना आली. पण ज्याच्या नावावरची जमीन गेली तो आजोबा तोवर वारलेला. मग भूखंड कुणाला? तिथे कुणी रकाना भरून ठेवलेला नव्हता. आजोबा, त्याची मुलं, मुली, मेलेल्या मुलाची बायको, तिची मुलं, माहेरी परत आलेली आत्या. वारसांच्या याद्या पानाखाली उतरून मागच्या बाजूला जातात. माझ्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्या गावातल्याच. त्यांना मी एकदा नॉमिनी म्हणजे काय ते सांगायला गेले, तर त्या म्हणाल्या, “मेल्यावर सगल्यांचा असतंय ना ताई, मंग एकाचाच नाव कशाला लिवायचा?” मला उत्तर देता आलं नाही. सर्वोच्च न्यायालयाला जे सांगायला इतकी पानं लागली, ते मावशींनी भांडी विसळता विसळता सांगून टाकलं होतं.

अर्थात मावशींच्या वारस शब्दालाही पोट आहे आणि त्या पोटात काय काय दडवलेलं आहे तेही त्यांना ठाऊक आहे. हक्कसोड. भाऊ राखीपौर्णिमेला येतात, नवी साडी आणतात, सोबत एक कागद आणतात. बहिणीला सही करायची असते की माझ्या वाट्याचा हक्क मी राजीखुशीने सोडते. निबंधक कार्यालयात तिचा फोटो काढतात, अंगठा यंत्रावर टेकवून घेतात. यादीत नाव असतं म्हणून तर सोडून घ्यावं लागतं. मावशींनीही सोडलाय. “माहेर ऱ्हायला पाहिजे ना,” एवढंच म्हणाल्या आणि विषय बदलला. माझ्या स्वतःच्या माहेरी, कोकणात, तलाठ्याकडच्या वारस नोंदीत आम्हा बहिणींची नावं आली तेव्हा चुलत्यांच्या घरात दोन दिवस कुणी धड बोललं नव्हतं. नाव असण्याचाही त्रास, नसण्याचाही. गाव नमुना सहा-क मध्ये नाव चढलं तरी फेरफाराने मालकी मिळत नाही, ती नुसती नोंद, हे सांगणारा तिथेही एक खजिनदार होताच.

हा वारस शब्द मूळचा अरबी, दप्तरातून आपल्या घरात शिरला आणि इतका आपला झाला की त्याचा उलटा शब्दही आपण रोज ऐकतो. स्टेशनवर घोषणा होते, बेवारस वस्तूंना हात लावू नका. बँकांतले बेवारस पैसे दहा वर्षं कुणी विचारले नाहीत की रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात. ते शोधायला २०२३ मध्ये ‘उद्गम’ नावाचं पोर्टल आलं, मी एकदा सहज वडिलांचं नाव घालून पाहिलं होतं, काही निघालं नाही. वडील पक्के होते. पण एक लक्षात घ्या, ‘बेनॉमिनी’ असा शब्द मराठीत नाही. वारस नसणं ही माणसाची अवस्था आहे, नॉमिनी नसणं ही फॉर्मची.

आता काकांकडे वळते, कारण त्यांनी असं का केलं याचा विचार मी तेव्हापासून करते आहे. मला त्यांचं अक्षर माहीत होतं, त्यांचा स्वभावही. नेमका माणूस. लाइट बिलावर भरल्याची तारीख घालणारा. मुलगी पुण्यात, मोठा मुलगा बंगळुरूत, धाकटा ऐरोलीला, म्हणजे रिक्षाने येण्याच्या अंतरावर. २०१९ पासून आपल्या सहकार कायद्यात असं आहे की सभासद गेल्यावर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घ्यायचं, वारसांची नावं रीतसर लागेपर्यंत. वारस दाखला काढायचा तर तो १८२७ च्या मुंबई रेग्युलेशनखाली, दिवाणी न्यायालयातून. गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळातला कायदा आणि बेलापूरच्या कोर्टातली लिफ्ट, दोन्हींशी झुंजायला जवळ राहणारं, सुट्टी काढू शकणारं माणूस लागतं. सिडकोकडे हस्तांतरणाला खेटे, मेंटेनन्स, पुनर्विकासाच्या सभा. काकांनी हात निवडला. जवळचा, धडधाकट, धावणारा हात. म्हणजे आमच्या इमारतीत नॉमिनी या शब्दाचा बरोबर अर्थ कळलेला बहुधा तो एकटा माणूस होता. आणि त्याची किंमत त्यांच्या मुलीने मोजली, जिला तो अर्थ त्यांच्याइतकाच नीट ठाऊक होता.

हे मला पटतं आणि तरी पुरेसं वाटत नाही. कारण फाइलमधले बाकीचे फॉर्मही मी पाहिले आहेत. धावणारा हात दर वेळी मुलाचाच कसा असतो? ज्या घरात मुलगा अमेरिकेत आणि मुलगी सानपाड्याला, तिथेही नाव मुलाचंच आहे, शंभर टक्के. तिथे न्यू जर्सीहून कोण धावणार आहे बेलापूरला? टक्क्यांचा रकाना एवढा मोकळा सोडलेला असतो, तीन नावं सहज मावतील, पण फॉर्म भरून घेणारा म्हणतो, “एकच टाका, नंतर सोपं जातं,” आणि ते एक कोण हे त्याला विचारावं लागत नाही. हे खजिनदारांना म्हटलं तर ते म्हणाले, “मॅडम, आपण तिन्ही प्रतींवर सह्या आहेत का तेवढं बघायचं.” त्यांचंही खरं आहे. ज्या घरात नॉमिनेशनच नाही तिथे दोन वर्तमानपत्रांत नोटीस द्या, हरकती मागवा, हे सगळं त्यांनाच निस्तरावं लागतं. कागद पूर्ण असला की त्यांना झोप लागते.

मग आमच्याच घरचा फॉर्म नव्याने भरायचा मी घाट घातला. फ्लॅट नवऱ्याच्या नावावर. जुन्या फॉर्मवर माझं नाव होतं आणि आजवर मला त्याबद्दल काही वाटलं नव्हतं, उलट बरंच वाटलं होतं. रात्री जेवणं झाल्यावर कागद पसरून मी त्याला म्हटलं, “तुझ्यामागे कायद्याने तिघींचे सारखे वाटे. मी, मुलगी आणि आई. हिंदू वारसा कायद्यात आई पहिल्या वर्गात असते. वडील दुसऱ्या.” त्याला हे माहीत नव्हतं. “वडील दुसऱ्या?” म्हणून तो हसला, त्याला ते फार आवडलेलं दिसलं. मग म्हणाला, “पण आईचं नाव कशाला? या वयात तिला कशाला कोर्टकचेरीत ओढायचं.” म्हणजे पुन्हा हाताचाच हिशेब. मुलगी फोनवरून मान वर न करता म्हणाली, “मला थर्टी थ्री द्या, पॉइंटचं तुम्ही बघा.”

सासूबाई टीव्हीसमोर होत्या. मालिका चालू असताना त्यांना काही ऐकू येत नाही असा आमचा समज आहे. जाहिरात लागल्यावर तिथूनच म्हणाल्या, “मला मेलीला काय करायचंय तुमचं वाशीचं घर? मी काय तुझ्यामागे राहणारेय? असलं अभद्र रात्रीचं बोलू नये.”

“तेच म्हणतोय आई,” नवरा म्हणाला आणि पेनाचं टोपण उघडलं.

जाहिरात संपेपर्यंत त्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “पण घालत असाल तर पूर्ण घाला. रेशनकार्डावर माझं नाव चुकवलंय मेल्यांनी. आधारवरचं बघून लिही.”